काच : गुणधर्म व काही विलक्षण उपयोग

काच : स्फटिकासारखी आतून सुबक रचना नसलेला, तरीही पूर्णपणे घन असलेला पदार्थ. तापलेला रस पुरेशा वेगाने थंड झाला, तर त्यातील अणूंना ओळीने आपापल्या जागी बसायला सवड मिळत नाही. रसात जसे अस्ताव्यस्त होते तसेच ते जागच्या जागी थिजतात. खिडकीच्या किंवा बाटलीच्या नेहमीच्या काचेत 70 ते 74 टक्के सिलिका म्हणजे वाळू, 12 ते 15 टक्के सोडा आणि दहाएक टक्के चुना असतो. नुसती वाळू वितळवायची तर भट्टी 1,700 अंश सेल्सिअसपर्यंत न्यावी लागते. सोडा घातला की काम बरेच कमी आचेवर भागते. पण वाळू आणि सोडा एवढ्यांचीच काच पाण्यात विरघळते. चुना पडतो तो यासाठी.

काच हा अतिशय संथ वाहणारा द्रव आहे, असे अजूनही शिकवले जाते आणि युरोपातल्या जुन्या चर्चच्या खिडक्यांचा दाखला दिला जातो : शतकानुशतके काच खाली ओघळली, म्हणून ती तळाशी जाड. दाखला आकर्षक असला तरी चुकीचा आहे. त्या काळी काचेचा गोळा फुंकून, गरगरा फिरवून तबकडी करत आणि तिचे तुकडे कापत. ते मुळातच कमीजास्त जाडीचे निघत. नेहमीच्या तापमानाला काच मोजता येईल इतकी वाहत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीची रोमन काचपात्रे आजही आपला आकार राखून आहेत.

काच ठिसूळ, ही तिची प्रसिद्धी मात्र खरी आहे. ठिसूळपणा येतो कुठून, हे पाहण्याजोगे आहे. इंग्लंडमधील फार्नबरो येथे विमानांच्या संशोधनसंस्थेत काम करणाऱ्या ए. ए. ग्रिफिथ यांनी 1920 च्या सुमारास काचेचे तंतू ओढून ते किती ताणावर तुटतात हे मोजले. ताजा ओढलेला अतिबारीक तंतू जाड कांडीच्या वीसएक पट ताण सोसत होता. अणूंमधले बंध तेच, काच तीच. फरक होता तो पृष्ठभागावरच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या ओरखड्यांचा. धातूवर ताण आला की ओरखड्याच्या टोकाशी तो थोडा दबतो, पसरतो आणि जोर विखुरतो. काचेला ही सोय नाही. सगळा जोर टोकावरच्या मूठभर बंधांवर येतो आणि तडा पुढे धावतो.

काचवाला याच दोषाचा रोज फायदा घेतो. तो काच ‘कापत’ नाही. पट्टी धरून कटरने एकच ओरखडा ओढतो, काच टेबलाच्या कडेशी आणतो आणि किंचित दाब देतो. तडा ओरखड्याच्या रेषेने सरळ जातो. ओरखडा ओला केला तर काम आणखी हलके होते, कारण ताणलेल्या तड्याच्या टोकाशी पाण्याचे रेणू सिलिकाचे बंध तोडायला मदत करतात. दमट हवेत काच कोरड्या हवेपेक्षा लवकर दगा देते ती यामुळेच.

पृष्ठभाग सतत दाबलेल्या स्थितीत ठेवला, तर ओरखड्याला तोंड उघडता येणार नाही. या युक्तीचे सर्वांत नाट्यमय रूप म्हणजे ‘प्रिन्स रुपर्टचे थेंब’. वितळलेल्या काचेचा थेंब थंड पाण्यात सोडला की लांब शेपटी असलेला टपोरा मणी तयार होतो. बाहेरची कातडी क्षणात घट्ट होते. गाभा मागाहून थंड होतो आणि आकसताना कातडीला आत खेचून धरतो. असा मणी हातोड्याचा घाव झेलतो. शेपटीचे टोक मात्र मोडले तर अख्खा मणी भुकटी होऊन उडतो. 1660 च्या दशकात इंग्लंडच्या दरबारात आणि रॉयल सोसायटीत या थेंबांचे मोठे कुतूहल होते. उलगडा व्हायला फार काळ गेला : 1994 मध्ये श्रीनिवासन चंद्रशेखर आणि एम. एम. चौधरी यांनी अतिवेगवान छायाचित्रणाने दाखवले की, तडा शेपटीकडून डोक्याकडे सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगाने धावतो.

टफन्ड काच हे त्याच थेंबाचे सपाट, आटोक्यातले रूप. तयार काच 600 अंशांच्या वर तापवून दोन्ही बाजूंनी गार हवेचे झोत सोडतात. अशी काच साध्या काचेच्या कित्येक पट टिकाऊ असते आणि फुटलीच तर सुऱ्यांऐवजी बोथट खड्यांत विखुरते. भोक पाडणे, कापणे हे सारे त्याआधीच उरकावे लागते. टफन्ड टीपॉय कोणी हात न लावता मध्यरात्री फुटल्याच्या हकिकती ऐकू येतात, त्यात दृष्ट लागण्याचा संबंध नाही : कधी कडेला आधी बसलेला टवका नडतो, तर कधी काचेत अडकलेला निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण हळूहळू फुगून ताणाच्या थराला तडा देतो. मोबाइलच्या पडद्याची काच इतकी पातळ असते की तिथे हवेचा झोत कामाचा नाही. ती पोटॅशियमच्या वितळलेल्या क्षारात बुडवतात. पृष्ठभागावरचे सोडियम निघून त्या जागी आकाराने मोठे पोटॅशियम शिरते आणि कातडी दाबली जाते.

उलटा प्रकार कंदिलाच्या काचेत घडतो. तापलेल्या काचेवर पावसाचा थेंब पडला, की तेवढाच भाग आकसून ताणला जातो आणि काच तडकते. तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडातून (स्वदेशी उद्योगांसाठी लोकांकडून पैसा-पैसा जमवून उभारलेल्या निधीतून) 1908 मध्ये निघालेला काच कारखाना आणि कऱ्हाडजवळ ओगलेवाडीचा, ‘प्रभाकर’ कंदील घरोघर पोचवणारा ओगले काच कारखाना यांच्यामुळे ही वस्तू मराठी घरांत चांगलीच परिचयाची होती. सोड्याऐवजी बोरॉनवर भर दिलेली बोरोसिलिकेट काच तापल्यावर साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांश फुगते. प्रयोगशाळेतली चंचुपात्रे तिचीच. शुद्ध सिलिकाची काच तर लालभडक तापवून पाण्यात टाकली तरी शाबूत राहते.

पारदर्शकतेची गोष्टही अशीच आहे. खिडकीची काच कडेने पाहिली तर हिरवी दिसते, ती लोहाच्या अंशामुळे. प्रकाश विझतो तो काचेमुळे नसून तिच्यातल्या मळामुळे, हे 1966 मध्ये चार्ल्स काओ या संशोधकांनी मांडले. प्रकाश वाहून नेण्यासाठी केलेल्या काचेच्या त्या वेळच्या उत्तम तंतूंतूनही तो दूर जात नसे. 1970 मध्ये कॉर्निंग कंपनीने किलोमीटरअखेर सुमारे दोन टक्के प्रकाश उरेल असा तंतू केला. आज 95 टक्के उरतो. काओ यांना 2009 चे नोबेल मिळाले.

पाणी काचेला पोखरते, याचाही उपयोग सापडला. अमेरिकन संशोधक लॅरी हेंच यांनी 1969 मध्ये मुद्दाम कमी सिलिका आणि जास्त सोडा-चुना घातलेली काच बनवली. शरीरद्रवात तिचा पृष्ठभाग विरघळून त्यावर हाडातल्यासारखे कॅल्शियम फॉस्फेट साचते आणि हाड तिला घट्ट धरते. दातांच्या झिणझिण्यांवरच्या काही पेस्टमध्ये हीच काच असते.

निसर्गातही काच बनते, आणि नेहमी वितळूनच बनते असे नाही. लोणारला उल्का आदळली तेव्हा बेसाल्टमधल्या फेल्डस्पार या खनिजाच्या काही स्फटिकांची घडी निव्वळ धक्क्याने विस्कटली. ते न वितळताच काच झाले. या काचेला मॅस्केलिनाइट म्हणतात.

अणूंच्या या अव्यवस्थेला तारापूरच्या प्रकल्पात वेगळेच मोल आहे. वापरलेल्या अणुइंधनावर प्रक्रिया केल्यावर उरणाऱ्या तीव्र किरणोत्सारी द्रवात लहानमोठ्या आकाराची डझनावारी मूलद्रव्ये असतात. एका स्फटिकात ती मावत नाहीत. काचेच्या सैल जाळ्यात बहुतेक सगळ्यांना जागा मिळते. म्हणून हा कचरा बोरोसिलिकेट काचेत वितळवून पोलादी डब्यांत ओततात. असा डबा हजारो वर्षे पाण्याला कसा तोंड देईल, याचा अंदाज बांधण्यासाठी संशोधक प्राचीन ज्वालामुखींतून बाहेर पडलेली बेसाल्टी काच किती झिजली आहे ते तपासतात.