मिस्तरी आखाजीला गावी गेले, आता विचारायचं कोणाला?

कारखान्याच्या विकीबद्दल, आमच्या ग्राहकांसाठी

डाळमिल असो, जिनिंग असो की चटईचा कारखाना, जळगावकडे एक गोष्ट सगळीकडे सारखी. सगळं काम एकदोन जुन्या माणसांच्या डोक्यात असतं. ते आखाजीला गावी गेले, तिथं रेंज नाही, आणि नेमका त्याच दिवशी माल वर चढवणाऱ्या एलिव्हेटरचा पट्टा घसरायला लागतो.

तुम्ही म्हणाल, व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप आहे की. आहे, पण मागच्या वर्षी मिस्तरींनी टाकलेला मेसेज शुभ सकाळच्या फोटोंखालून शोधून दाखवा.

विकी म्हणजे ऑफिसातल्या सगळ्यांची एक सामायिक वही. ब्राउझरमध्ये उघडते, ज्याला परवानगी आहे तो तिथंच दुरुस्ती करतो. कोणी काय बदललं ते तारखेसकट राहतं, चुकून पुसलं तर जुनं पान परत आणता येतं. पहिली विकी अमेरिकेतल्या वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली सुरू केली, प्रोग्रामर लोकांनी आपले अनुभव एकमेकांना सांगावेत म्हणून. नाव घेतलं होनोलुलू विमानतळावरच्या ‘विकी विकी’ बसवरून. हवाई भाषेत ‘विकी’ म्हणजे झटपट. विकिपीडिया त्यानंतर, २००१ मध्ये आला.

लहान कारखान्यांना आम्ही डोकुविकी हे विकीचं सॉफ्टवेअर बसवून देतो. सॉफ्टवेअर फुकट आहे, पैसे लागतात ते बसवण्याच्या आणि शिकवण्याच्या मेहनतीचे. त्याला डेटाबेस लागत नाही, प्रत्येक पान साधी टेक्स्ट फाइल असते. ऑफिसातला एखादा जुना पण धड कॉम्प्युटर पुरतो, आणि कारखान्याच्या वायफायवर मोबाइलमध्येही पान उघडतं. मीडियाविकी, म्हणजे विकिपीडिया ज्यावर चालतो ते, मोठं काम आहे. दहा-पंधरा माणसांसाठी त्याच्या फंदात पडू नका.

आता खरी अडचण. आमच्याच ऑफिसात आम्ही पहिल्यांदा विकी केली तेव्हा चाळीस विभाग पाडले, सुरेख अनुक्रमणिका केली, आणि आत काहीच नव्हतं. महिन्याभरात कोणी उघडेनासं झालं. म्हणून विभाग नंतर. आधी गेल्या महिन्यात मिस्तरींना ज्यासाठी फोन गेले, त्या गोष्टींचं एकेक पान करा. उदाहरणार्थ:

‘एलिव्हेटरचा पट्टा घसरला तर: आधी मोटर बंद, मेन स्विचही बंद, चालत्या पट्ट्याला हात नाही. खालच्या पेटीत दाणा तुंबलाय का बघा, तो काढा. मग दोन्ही बाजूंचे ताणाचे बोल्ट सारखेच फिरवा. एकच बाजू ओढली की पट्टा सरकून पत्र्याला घासतो.’

झालं पान. शेजारी पेटीचा एक फोटो.

मिस्तरी स्वतः टाइप करणार नाहीत, तशी अपेक्षाही धरू नका. एखादा पोरगा मोबाइल घेऊन त्यांच्याजवळ बसवा. ते बोलतील, तो लिहील. अहिराणीत बोलले तर अहिराणीतच राहू द्या, वाचणारेही इथलेच आहेत. लिहून झालं की त्यांनाच वाचून दाखवा. आणि पानावर त्यांचं नाव घालाच. नाहीतर ‘माझं काढून घेतात आणि मला घरी बसवतात’ ही शंका येते, आणि ती रास्तच आहे. त्याबद्दल मालकांनी स्वतः बोलावं, आमच्या माणसावर सोपवू नये.

बँकेचे पासवर्ड, पगार, ग्राहकांचे भाव विकीवर नकोत. रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर कॉपी घ्यायची आणि तो पेनड्राइव्ह घरी न्यायचा. त्याच टेबलाच्या खणात ठेवला तर काय उपयोग?

बसवायला आमचा माणूस येईल तेव्हा मिस्तरींना त्या दिवशी सुट्टी देऊ नका.