कालसमन्वय, संगणक जाळ्यांतील

संगणक जाळ्याला जोडलेल्या यंत्रांची घड्याळे रेडिओवरून मिळणाऱ्या अणुघड्याळाच्या वेळेशी जुळती ठेवण्याची पद्धत. संगणकातील क्वार्ट्झ स्फटिकाची गती तापमानाप्रमाणे बदलते. दहा लाखांत वीस भागांची चूकसुद्धा दिवसाकाठी सुमारे १.७ सेकंदांवर जाते.

मूळ वेळ सिझियम अणुघड्याळाची असते. सिझियम-१३३ अणूच्या ठरावीक प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आवर्तने म्हणजे एक सेकंद, ही व्याख्या १९६७ साली स्वीकारली गेली. हे घड्याळ प्रक्षेपण केंद्राकडे असते. संगणकाला जोडायचा तो केवळ ग्राहक (रेडिओ संकेत पकडणारा रिसीव्हर). दीर्घतरंगांवरील प्रमुख केंद्रांपैकी जर्मनीचे डीसीएफ७७ फ्रँकफर्टजवळ माइनफ्लिंगेन येथे ७७.५ किलोहर्ट्झवर चालते. अमेरिकेचे डब्ल्यूडब्ल्यूव्हीबी (फोर्ट कॉलिन्स) आणि ब्रिटनचे एमएसएफ (२००७ पर्यंत रग्बी, नंतर अँथॉर्न) ही दोन्ही ६० किलोहर्ट्झवर आहेत. डीसीएफ७७ प्रत्येक सेकंदाच्या आरंभी वाहक तरंग क्षीण करते : ०.१ सेकंद क्षीण राहिल्यास शून्य, ०.२ सेकंद राहिल्यास एक. मिनिटाच्या अखेरच्या सेकंदाला ही खूण गाळलेली असते आणि त्यावरून नव्या मिनिटाची सुरुवात कळते. तारीख-वेळ अशा सेकंदाला एकेका अंकाने येत असल्याने ती पूर्ण वाचायला साहजिकच निदान एक मिनिट लागते. ग्राहकाचा फेराइट दांड्याचा अँटेना केंद्राच्या दिशेशी काटकोनात आडवा धरावा लागतो. संगणकाच्या वीजपुरवठ्याशेजारी ठेवल्यास त्या गोंगाटात संकेत हरवतो.

जाळ्यातून वेळ वाटण्याच्या नियमसंहितेचा, म्हणजे एनटीपीचा (नेटवर्क टाइम प्रोटोकॉल), आरंभ कोणता मानावा याबद्दल एकमत नाही. काही लेखक तो १९७९ साली न्यूयॉर्कच्या राष्ट्रीय संगणक परिषदेत झालेल्या उपग्रहीय प्रात्यक्षिकापर्यंत मागे नेतात. एनटीपीचे जनक, अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड मिल्स यांचे कालसेवेविषयीचे टिपण १९८१ चे आहे. पण एनटीपी या नावाने संहिता प्रसिद्ध झाली ती सप्टेंबर १९८५ मध्ये, इंटरनेटच्या तांत्रिक टिपणांच्या आरएफसी मालिकेत ९५८ या क्रमांकाने. आधीचे टप्पे पूर्वतयारीचे समजून १९८५ हेच वर्ष धरणे अधिक सयुक्तिक वाटते. सध्याची चौथी आवृत्ती २०१० ची आहे.

संहितेचा गाभा चार कालनोंदींत आहे : विचारणा निघाली, सर्व्हरला पोचली, उत्तर निघाले, उत्तर पोचले. पहिल्या दोहोंतील आणि शेवटच्या दोहोंतील फरकांवरून घड्याळातील तफावत काढतात. त्यात जाण्याला व येण्याला सारखाच वेळ लागतो असे गृहीत असते आणि खरी अडचण तिथेच आहे. जाताना १० व येताना ३० मिलिसेकंद लागले, तर तफावतीत १० मिलिसेकंदांची चूक शिरते आणि या चार नोंदींतून ती ओळखता येत नाही. रेडिओ तरंगाला मात्र दर ३०० किलोमीटरला सुमारे १ मिलिसेकंद लागतो. केंद्रापासूनचे अंतर माहीत असले की तो विलंब एकदाच वजा करता येतो. रात्री आयनांबरावरून (वातावरणाच्या वरच्या विद्युत्भारित थरावरून) परतणाऱ्या तरंगामुळे त्यात थोडा फरक पडतो, तरी त्याला मर्यादा असते. म्हणूनच महत्त्वाच्या जाळ्यात स्वतःचा ग्राहक असणे इष्ट.

अणुघड्याळ अथवा त्याचा रेडिओ ग्राहक हा शून्य स्तर, त्याला थेट जोडलेला सर्व्हर पहिला स्तर, आणि पुढे पंधरापर्यंत. सोळा म्हणजे असमन्वित. एखादा सर्व्हर खोटी वेळ देत असल्यास तो ओळखण्यासाठी निदान चार स्रोत ठेवतात. लहान चूक घड्याळाची गती किंचित बदलून हळूहळू मिटवतात. नेहमीच्या संगणकप्रणालीत १२८ मिलिसेकंदांहून मोठी चूक टिकून राहिली, तर वेळ एकदम बदलली जाते. वेळ अशी मागे गेल्यास नोंदवह्यांतील घटनांचा क्रम बिघडतो.

लीप सेकंदाची, म्हणजे घड्याळ पृथ्वीच्या फिरण्याशी जुळते ठेवण्यासाठी अधूनमधून घातल्या जाणाऱ्या जादा सेकंदाची, पूर्वसूचना डीसीएफ७७ एक तास आधी देते. ३० जून २०१२ च्या लीप सेकंदाने अनेक लिनक्स सर्व्हर अडखळले होते. २०३५ पर्यंत ही प्रथा थांबवण्याच्या दिशेने आंतरराष्ट्रीय मापन परिषदेने २०२२ मध्ये ठराव केला आहे.

उपग्रहीय ग्राहक स्वस्त झाल्यावर दीर्घतरंग ग्राहकांचा वापर घटला.