वजनदार सायकलस्वाराचं मागचं चाक

वजनदार माणूस रोडबाईकसाठी नवी चाकं घ्यायला निघाला की दोनच गोष्टींची चर्चा होते: जोडीचं वजन किती ग्रॅम आणि रिम किती खोल. स्वाराचं वजन ९५-१०० किलो असेल आणि खिसा बेताचा असेल, तर हे दोन्ही प्रश्न नंतरचे. आधी मागच्या चाकातले स्पोक मोजावेत.

ग्रॅमचा हिशेब उरकून टाकू. वेग वाढवताना रिमवरचा प्रत्येक ग्रॅम फार तर दुप्पट भरतो, कारण तो पुढेही न्यायचा असतो आणि फिरवायचाही असतो. महागड्या चाकांनी ३०० ग्रॅम वाचवले, तर परिणाम ६०० ग्रॅमचा. स्वार, सायकल आणि सामान मिळून ११० किलो धरले, तर ही बचत अर्ध्या टक्क्याच्या आसपास. एका लयीत घाट चढताना तर ती पाव टक्क्यावर येते. अर्धी बाटली पाणी कमी नेलं तरी तेवढंच साधतं, आणि फुकटात.

आता स्पोककडे वळू. दोन मिलिमीटर जाडीची ही तार दाबली तर लगेच वाकेल, पण ओढली तर अडीचशे किलोचा ताणही सोसते. म्हणून चाक बांधतानाच सगळे स्पोक ताणून ठेवतात. मागच्या चाकात उजव्या बाजूला हा ताण साधारण ११० ते १२० किलोचा असतो. आपण सीटवर बसलो की काय होतं? वरचे स्पोक आणखी ताणले जात असतील असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात त्यांच्यात फारसा फरक पडत नाही. बदल होतो तो रस्त्याला टेकलेल्या जागेच्या वरच्या तीन-चार स्पोकमध्ये, आणि तोही उलटा: त्यांचा ताण कमी होतो. चाक फिरलं की तो स्पोक पुन्हा ताणला जातो, मग पुन्हा सैलावतो. रोडबाईकचं चाक एका फेरीत साधारण २.१ मीटर जातं. म्हणजे २०० किलोमीटरच्या एका बीआरएममध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइडमध्ये, प्रत्येक स्पोक सुमारे ९५ हजार वेळा सैल-घट्ट होतो.

स्पोक तुटतो तो याच थकव्याने. हबपाशी, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यापाशी, जिथे तो वाकवलेला असतो तिथे बारीक चीर पडते, ती वाढत जाते आणि एक दिवस साध्या सपाट रस्त्यावर ‘टण्’ आवाज येतो. लोक शेवटच्या खड्ड्याला शिव्या देतात. चीर बहुधा त्याच्या कितीतरी आधी पडलेली असते.

मागच्या चाकावर एकूण वजनाचा सुमारे ६० टक्के भार येतो. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असत, आणि कॅरिअरला दुधाचे कॅन लटकवून त्या वर्षानुवर्षं चालल्या. आजच्या रोडबाईकमध्ये आणखी एक अडचण आहे. हबच्या उजव्या बाजूला कॅसेट, म्हणजे गिअरच्या दातेरी चकत्यांचा संच, बसते, त्यामुळे उजवे स्पोक जवळजवळ उभे राहतात आणि डावे तिरके. रिम मधोमध ठेवायची तर डाव्यांचा ताण उजव्यांच्या निम्म्याच्या जरा वर ठेवावा लागतो. आधीच कमी ताण, त्यात शंभर किलोचा स्वार, त्यात खड्डा. डावा स्पोक क्षणभर पूर्ण सैल पडतो, त्याला रिमशी धरणारं निपल (छोटा नट) हळूहळू फिरतं आणि चाकात आउट येतो, म्हणजे ते डगमगत फिरू लागतं. दर महिन्याला आउट काढून घ्यावा लागत असेल, तर दोष मेकॅनिकच्या हाताचा असेलच असं नाही. २० किंवा २४ स्पोकचं चाक त्या वजनासाठी बेतलेलंच नसतं.

म्हणून मागे ३२ स्पोक, स्वाराचं वजन ११० किलोच्या पुढे असेल तर ३६, आणि तीन-क्रॉस विणकाम, म्हणजे प्रत्येक स्पोक हबपासून रिमपर्यंत दुसऱ्या तिघांना ओलांडतो. स्पोक डबल-बटेड घ्यावेत: टोकाला २ मिलिमीटर, मध्ये १.८. बारीक स्पोक कमकुवत असणार असं वाटतं, पण तेवढ्याच ताणाला तो जास्त लांबतो, त्यामुळे रिम थोडी दबली तरी तो चटकन सैल पडत नाही. रिम ॲल्युमिनियमची, २५-३० मिलिमीटर खोलीची असली की भार जास्त स्पोकवर वाटला जातो. भोकं एका बाजूला सरकवलेली रिम मिळाली तर डाव्या-उजव्या ताणातली तफावतही कमी होते. हब शिमानोच्या मधल्या श्रेणीचा पुरे. कागदावरची वजनमर्यादा मात्र नीट वाचा. ती कधी फक्त स्वाराची असते, तर कधी सायकल आणि सामानासकट.

पैसे खरोखरच कमी असतील तर पुढचं चाक तसंच ठेवा आणि सगळी रक्कम मागच्यात घाला. त्यातलाही चांगला वाटा बांधणाऱ्याच्या मजुरीत गेला तर हरकत नाही. एका बाजूच्या सगळ्या स्पोकना सारखा ताण देणं हे कौशल्याचं काम आहे, आणि चाक त्यावरच टिकतं.

स्वस्त कार्बन रिमचा मोह टाळा, विशेषतः ब्रेक रिमवर लागणारे असतील तर. पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला उतरताना ११० किलोचा ऐवज साडेपाचशे मीटरच्या आसपास खाली येतो; म्हणजे जवळपास सहा लाख ज्यूल, दोन लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकी ऊर्जा. काही भाग हवा घेते, उरलेला ब्रेक आणि रिम. ॲल्युमिनियम ती उष्णता चटकन पसरवून सोडून देतं. कार्बनचे धागे चिकटवून ठेवणारी रेझिन मात्र तापली की मऊ पडते.

टायर २३ मिलिमीटर रुंदीचे असतील तर फ्रेममध्ये जागा आहे का ते पाहून २८ किंवा ३२चे घ्या. रुंद टायरमध्ये हवेचा दाब कमी ठेवता येतो, खड्ड्याचा धक्का रिमपर्यंत कमी पोचतो आणि ट्यूब चिमटून होणारी पंक्चरंही घटतात.

नवं चाक दोन-तीनशे किलोमीटर चाललं की ताण एकदा तपासून घ्या. पुढे कधी एखादा स्पोक तुटला तर तेवढाच बदला. ३२ स्पोकच्या चाकात एक तुटला तरी बहुतेक वेळा ब्रेक थोडा सैल करून घरी पोचता येतं. मात्र थोड्या थोड्या दिवसांनी त्याच बाजूचा दुसरा, तिसरा तुटला तर थांबा: बाकीच्यांनीही तेवढ्याच फेऱ्या खाल्लेल्या असतात. रिम सरळ असेल तर तीच ठेवून सगळे स्पोक नवे घालून घ्या.