कलमदान, इराणी

बोरूच्या लेखण्या, दौत व लेखनाची इतर लहान साधने ठेवण्यासाठी कागदाच्या थरांपासून बनवलेली, चित्रांनी सजवून वर पारदर्शक रोगण चढवलेली लांबट पेटी. तिची लांबी साधारणपणे २० ते २५ सेंमी. असते व टोके बहुधा गोलाकार असतात. सतराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इस्फहान आणि शिराझ ही या कामाची प्रमुख केंद्रे होती.

यापूर्वीची कलमदाने बहुधा धातूची असत. ख्वारिज्मशाही या मध्य आशियातील राजघराण्याच्या मज्द अल्-मुल्क या वजिरासाठी शाझी या कारागिराने १२१०–११ मध्ये घडवलेले, चांदी-तांब्याचे जडावकाम असलेले पितळी कलमदान वॉशिंग्टनच्या फ्रीअर कलासंग्रहालयात आहे. कागदी कलमदानाकडे संक्रमण केव्हा झाले, हे नेमके ठरवणे अवघड आहे. रोगणी चित्रकाम मात्र पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात हेरातच्या (आजचे अफगाणिस्तान) तैमूरी, म्हणजे तैमूरलंगाच्या वंशजांच्या, दरबारातील ग्रंथांच्या पुठ्ठाबांधणीवर दिसू लागते. ही कल्पना चिनी लाखकामाच्या आयात वस्तूंवरून सुचली, असे एक मत आहे. तथापि चिनी-जपानी लेप हा एका विशिष्ट वृक्षाचा चीक असून तो थरांवर थर देऊन घट्ट केला जातो. भारतीय लाख कीटकजन्य आहे. इराणी रोगण या दोहोंहून वेगळे, संदरूस ही राळ जवसाच्या तेलात शिजवून केलेले असते. शिवाय इराणी कामात लेप स्वतः सजावट होत नाही, तो खालच्या जलरंगी चित्राचे रक्षण करतो आणि त्याला खोली देतो. त्यामुळे चिनी वस्तूंनी रुची निर्माण केली असली, तरी तंत्र ग्रंथचित्रकारांच्या कारखान्यातच वाढले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ‘लाखकाम’ ही रूढ संज्ञा म्हणूनच सैलपणे वापरलेली समजावी. मराठीतील ‘रोगण’ हा फार्सीतून आलेला शब्द येथे अधिक अचूक ठरतो.

पेटीसाठी लाकडी साच्यावर कागदाचे थर खळीने चिकटवून, दाबून वाळवीत. घोटून गुळगुळीत केलेल्या पृष्ठावर खडू व सरस यांचा पातळ थर देऊन त्यावर लघुचित्राच्या पद्धतीने रंगकाम होई. कित्येकदा धातूची बारीक भुकटी पेरलेली, सोनेरी-तपकिरी चमक असलेली ‘मर्गश’ भूमी योजीत. ‘कशूई’ प्रकारात आतला भाग खणासारखा बाहेर सरकतो. तो ओढला की एका टोकाला धातूची दौत दिसते, आणि एरवी झाकलेल्या त्याच्या बाजूंवरही सोनेरी वेलबुट्टी काढलेली आढळते. जुने रोगण पिवळे पडत असल्याने आज हिरवट दिसणारे आकाश मुळात निळे असू शकते. रंगांविषयी विधान करताना हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

चित्रविषयांत गुल-ओ-बुलबुल (फुले व बुलबुल), शिकार, युद्धे व दरबार, तसेच युरोपीय धर्तीची स्त्रीचित्रे व निसर्गदृश्ये येतात. युरोपीय छायाप्रकाशाची रीत रुजवण्यात मुहंमद ज़मान (सतराव्या शतकाचा उत्तरार्ध) या चित्रकाराचा वाटा मोठा आहे.

कर्तृत्वनिश्चितीचा, म्हणजे कोणते काम कोणाचे हे ठरवण्याचा, प्रश्न मात्र बिकट आहे, कारण चित्रकार अनेकदा आपले नाव धार्मिक वचनात गुंफीत. ‘या साहिब अल्-ज़मान’ (हे काळाच्या स्वामी) हे मुहंमद ज़मानचे, तर ‘या शाह-ए नजफ’ (हे नजफच्या राजा) हे एकोणिसाव्या शतकातील नजफ अलीचे वचन होय. अली अश्रफ या चित्रकाराच्या ‘मुहंमदानंतर अली श्रेष्ठ (अश्रफ)’ या अर्थाच्या वचनातील ‘मुहंमद’ म्हणजे त्याचा गुरू मुहंमद ज़मान, असा तर्क काही अभ्यासकांनी केला आहे. परंतु मुहंमद ज़मानची ज्ञात कामे मुख्यतः सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतील व अली अश्रफची अठराव्या शतकाच्या मध्याभोवतीची असल्याने प्रत्यक्ष शिष्यत्व संशयास्पद ठरते. परंपरेचा वारसा एवढाच अर्थ घेणे सुरक्षित होय. अशी वचने अनुयायांनीही वापरल्याने केवळ त्यांच्या आधारे काम एखाद्याच्या नावे लावू नये.

इराणच्या काजार राजघराण्याच्या काळात (१७८९–१९२५) नजफ अलीचे घराणे, मुहंमद इस्माईल इस्फहानी आणि फुलांच्या चित्रणासाठी प्रसिद्ध असलेला लुत्फ अली शिराझी हे अग्रगण्य चित्रकार होते. कलमदान कमरेच्या शेल्यात खोवलेला मुन्शी हे त्या काळचे परिचित दृश्य होते आणि शाहाने दिलेले रत्नजडित कलमदान हे वजिरीचे चिन्ह मानले जाई. पोलादी टाक व पुढे फाउंटन पेन आल्यावर बोरूचा वापर सुलेखनापुरता उरला आणि कलमदानांची मागणी ओसरली. काश्मीरमध्ये कागदी वस्तूंवरील रोगणी चित्रकामाला ‘कार-ए-कलमदानी’ हे जुने नाव आहे.