जुने बल्ब खरोखरच ‘अमर’ होते का?

पूर्वीचे बल्ब पिढ्यान्‌पिढ्या टिकत आणि कंपन्यांनी नंतर ते मुद्दाम अल्पायुषी केले, हा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. पुरावा म्हणून कॅलिफोर्नियातील लिव्हरमोरच्या अग्निशमन केंद्रात 1901 पासून जळत असलेल्या बल्बकडे बोट दाखवले जाते. तो बल्ब खराच आहे, पण आज तो जेमतेम 4 वॅटच्या दिव्याइतका मिणमिणता, नारिंगी उजेड देतो (त्यात कोणी वाचून दाखवावे!), आणि क्वचितच विझवला जात असल्याने त्याची तार वारंवार तापण्या-निवण्याच्या ताणातून वाचते. शिवाय त्याच्यासोबत बनलेले बहुतेक बल्ब कधीच कचऱ्यात गेले. त्यांची आठवण कोण ठेवणार?

‘फीबस’ या उत्पादकांच्या संघाने 1924 नंतर आयुर्मर्यादा 1000 तासांवर आणली, हेही खरे, आणि त्यामागे नफ्याचा हिशेब होताच. मात्र तार कमी तापवली तर ती अधिक टिकते आणि तेवढ्याच विजेत उजेड बराच कमी पडतो, हा निसर्गनियम संघाने घडवलेला नव्हता. तापलेल्या तारेतील टंगस्टन या धातूची हळूहळू वाफ होते. वापरलेल्या बल्बच्या काचेवर आतून दिसणारी काळसर झाक ती हीच. तार इतकी तापवूनही अशा बल्बने घेतलेल्या विजेतील सुमारे 5 टक्केच उजेडात उतरते, बाकीची खोली तापवते.