शिकारीतील कीटकनिवारण

रानात, माळावर किंवा पाणथळीत शिकार करताना डास, गोमाशा, चिलटे, गोचिडी यांसारख्या चावणाऱ्या जीवांपासून शरीराचा बचाव करण्यासाठी जे उपाय योजले जातात, त्यांना शिकारीतील कीटकनिवारण म्हणता येईल. हे जीव मेंढपाळाला, लाकूडतोड्याला आणि वाटसरूलाही चावतात. पण हात झटकणे, चापट मारणे, शेकोटीचा धूर करणे, उग्र वासाचे मलम फासणे किंवा सरळ तेथून उठून जाणे हे त्यांना मोकळे असलेले मार्ग दबा धरून बसलेल्या शिकाऱ्याला बहुधा बंद असतात. हाताच्या एका झटक्याने तासाभराची प्रतीक्षा वाया जाते. त्यातच शिकारीच्या वेळा, म्हणजे पहाट आणि तिन्हीसांजा, याच पुष्कळ जातींच्या डासांच्याही वेळा असतात, आणि सावज जेथे पाण्यावर येते तेथेच डासांची पैदास होते. त्यामुळे येथे प्रश्न केवळ कीटक दूर ठेवण्याचा नसून, न हलता आणि वास न सोडता ते दूर कसे ठेवावेत, असा आहे.

कीटक माणसाला कसे शोधतात : रक्त पिते ती डासाची मादी. अंडी पोसण्यासाठी तिला रक्तातील प्रथिने लागतात. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडचा माग तिला १० ते ५० मीटरांवरून लागतो. मग ती वाऱ्याच्या उलट दिशेने त्या मागावर उडत येते, ५ ते १५ मीटरांच्या टप्प्यात गडद आकार तिच्या डोळ्यांत भरतो, आणि अगदी जवळ, मीटरभराच्या आत, अंगाची ऊब, घामाचा ओलावा व घामातील लॅक्टिक आम्लासारखी द्रव्ये तिला कातडीपर्यंत नेतात. शिकारी हरणापासून जे लपवू पाहतो ते सारे, म्हणजे श्वास, वास आणि आकार, डासाच्या मादीला वाट दाखवते. डोंगर चढून घामाघूम होऊन जागेवर पोचलेला माणूस सावजालाही लवकर कळतो आणि डासांनाही. म्हणून सावकाश चालत जाणे, जड कपडे पाठीवर बांधून नेणे आणि बैठकीवर पोचून अंग निवल्यावर ते चढवणे ही जुन्या शिकाऱ्यांची सवय दोन्ही कारणांनी योग्य ठरते.

रंगाचाही यात वाटा आहे. पीतज्वर आणि डेंग्यू पसरवणारा ईडिस इजिप्ती हा डास कार्बन डायऑक्साइडचा वास लागल्यावर तांबडा, नारिंगी व काळा या रंगांकडे ओढला जातो आणि हिरव्या व पांढऱ्या रंगांकडे दुर्लक्ष करतो, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले. उत्तर अमेरिकेत अनेक ठिकाणी बंदुकीने हरणाची शिकार करणाऱ्याला भडक नारिंगी वस्त्र घालणे कायद्याने बंधनकारक असते. दुसऱ्या शिकाऱ्याच्या गोळीपासून वाचवणारा तो रंग डासांच्या भीतीने टाकणे हा शुद्ध वेडेपणा होईल. आफ्रिकेतील त्सेत्से माशी गडद निळ्या आणि काळ्या रंगावर येते. ती निद्रारोगाची वाहक असल्याने तेथे मातकट, फिक्या रंगाचे कपडे घालतात. दिवसाच्या उन्हात ती झुडपांत विसावते, म्हणून त्या वेळी झुडपे चाळवू नयेत.

गोमाशीची तऱ्हा निराळी आहे. ती भर दिवसा, उन्हात, हलत्या गडद वस्तूवर येते. डास सुईसारखी सोंड आत सारतो, तर गोमाशी पात्यांसारख्या जबड्यांनी कातडी कापते आणि कापातून वाहणारे रक्त चाटते. म्हणून तिचा चावा तत्क्षणी झोंबतो आणि भला संयमी माणूसही दचकतो. काळ्या माशा वाहत्या स्वच्छ पाण्यात वाढतात, दिवसा चावतात आणि केसांची कड, कानामागची जागा, गळपट्टीची किनार धुंडाळत आत शिरतात. चिलटे तर अवघी १ ते ३ मिमी. लांबीची असतात. साध्या मच्छरदाणीचे छिद्र सुमारे १.२ मिमी. असते, त्यातून ती सहज पार होतात.

गोचीड ही मुळी कीटक नव्हे. आठ पायांची असल्याने ती अष्टपाद वर्गात मोडते. ती उडतही नाही आणि उडीही मारत नाही. गवताच्या पात्याच्या टोकाशी ती मागच्या पायांनी घट्ट धरून बसते आणि पुढचे दोन पाय हवेत पसरून ठेवते. त्या पायांवरील सूक्ष्म खळग्यांत वास आणि ऊब ओळखणारे इंद्रिय असते. पोटरी गवताला घासून गेली की ते पाय कापडात अडकतात आणि गोचीड वर चढू लागते. रांगत सावजाजवळ सरकणारा किंवा पालापाचोळ्यात पोटावर पडून राहणारा शिकारी तिला आपणहून अंग देत असतो. सतावण्यात डास पुढे असले, तरी समशीतोष्ण प्रदेशांतील शिकाऱ्याने सर्वांत अधिक धास्ती गोचिडीची बाळगावी. कारण तिचा चावा दुखत नाही आणि लाइम रोगासारखे (ताप, अंगदुखी व चाव्याभोवती पसरणारे लाल वर्तुळ ही लक्षणे असलेला जंतुजन्य रोग) आजार तिच्यामार्फत येतात. या रोगाचा जंतू व्हिली बुर्गडॉर्फर या शास्त्रज्ञांनी शोधला आणि १९८२ मध्ये तो शोध प्रसिद्ध झाला.

वारा आणि बैठक : सर्वांत स्वस्त आणि बिनवासाचा उपाय म्हणजे वारा. ताशी १५ किमी.च्या आसपास वारा असला की डासांना उडणे कठीण जाते, आणि चिलटांना तर त्याहून मंद झुळूकही पुरे होते. शिकारी एरवीही सावजाकडून आपल्याकडे वारा येईल अशीच जागा निवडतो. ती जागा दाट झाडोऱ्याच्या पोटात न घेता उंचवट्याच्या कडेला, झुळूक लागेल अशी घेतली, तर वास सावजापासून दूर जातो आणि तोंडावरचे डासही उडून जातात. मात्र डास वाऱ्याच्या उलट दिशेने मागावर येत असल्याने ते पाठीकडून, अंगाच्या आडोशाच्या बाजूने बसतात. मान, कानांच्या पाळ्या आणि खांद्यांमागचा भाग झाकण्याकडे म्हणूनच अधिक लक्ष द्यावे लागते. साचलेले पाणी, ओली दलदल आणि उंच गवत यांपासून शक्य तितके दूर बसावे. झाडावरच्या मचाणामुळे गोचिडींपासून बरीच सुटका होते. डासांच्या बाबतीत मात्र उंचीवर विसंबता येत नाही: दक्षिण अमेरिकेतील जंगलांत पीतज्वर वाहणारे हीमॅगोगस डास झाडांच्या शेंड्यांतच राहतात. थंडीचा उपयोग होतो, १०° से.च्या खाली बहुतेक जातींचे डास सुस्तावतात.

वस्त्रे : अंगाला घट्ट बसणाऱ्या पातळ कापडातून डास सहज सोंड घालतो. सैल, दाट विणीचे आणि शक्य तर दोन पदरी कापड असले की सोंडेची लांबी पुरत नाही. विजारीची टोके पायमोज्यांत आणि सदरा विजारीत खोचला, की गोचिडीला कातडीपर्यंतची वाट लांबची पडते आणि ती कापडावर फिरताना दिसण्याची शक्यता वाढते. फिक्या कापडावर ती चटकन दिसते, पण लपून बसायचे तर फिके कापड चालत नाही. येथे तडजोड अटळ आहे. खरी कसोटी लागते ती मनगटाशी. बंदूक किंवा धनुष्य उचलताना बाही मागे सरकते आणि हातमोजा व बाही यांच्यामध्ये दोन बोटांची उघडी पट्टी राहते. तासन्‌तास निश्चल बसल्यावर डासांच्या गाठी नेमक्या तेथे ओळीने उठलेल्या दिसतात. लांब मनगटाचे हातमोजे किंवा अंगठ्यासाठी भोक असलेली बाही हा त्यावरचा साधा इलाज आहे.

डोक्यावरची जाळी रुंद काठाच्या टोपीवरून सोडावी, म्हणजे ती गालाला आणि नाकाला टेकत नाही. टेकली तर डास जाळीबाहेरूनच चावतो. काळ्या किंवा गडद जाळीतून बाहेरचे स्पष्ट दिसते, पांढरी जाळी उजेडात डोळ्यांपुढे धुके आणते. चिलटांच्या प्रदेशात अधिक बारीक विणीची जाळी लागते आणि तिच्यात गुदमरल्यासारखे होते, हे सोसावे लागते. धनुर्धाऱ्याची अडचण वेगळी आहे. तो दोरी ओढून गालाशी आणतो. सैल जाळी दोरीत सापडली तर बाण चुकतो आणि सावज जखमी होऊन निसटते. म्हणून त्याने चेहऱ्याला चापून बसणारी, डोळ्यांपाशी मोकळी जाळी घ्यावी आणि तीच घालून घरी सराव करावा. जाळीची युक्ती फार जुनी आहे. इजिप्तमधील कोळी दिवसा मासे धरण्याचे जाळे रात्री अंथरुणाभोवती लावून डासांपासून बचाव करीत, असे ग्रीक इतिहासकार हीरॉडोटस याने इ. स. पू. पाचव्या शतकात लिहून ठेवले आहे.

कापडावर लावायचे पर्मेथ्रिन हे शिकाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त रसायन होय. शेवंतीच्या कुळातील पायरेथ्रम वनस्पतीच्या फुलांत जी कीटकनाशक द्रव्ये असतात त्यांच्या धर्तीवर ते इंग्लंडमधील रॉथम्स्टेड येथील शेतीसंशोधन केंद्रात मायकेल एलियट यांच्या गटाने १९७३ मध्ये तयार केले. त्याचे ०.५ टक्के द्रावण कपड्यांवर, बुटांवर आणि पिशवीवर फवारून ते उघड्यावर पूर्ण वाळवतात. वाळल्यावर त्याला वास राहत नाही आणि पुढच्या साधारण सहा धुण्यांपर्यंत त्याचा परिणाम टिकतो. त्यावर चढलेली गोचीड थोड्याच वेळात लुळी पडून गळते. हे द्रव्य कातडीला लावू नये. ओले असताना ते मांजरांना घातक असते आणि मासे व इतर जलचरांना अत्यंत विषारी असल्याने ओढ्याकाठी फवारू नये.

त्वचेवरील द्रव्ये : डीट हे द्रव्य अमेरिकी सैन्यासाठी १९४६ मध्ये विकसित झाले आणि १९५७ पासून सर्वसामान्यांना मिळू लागले. ते कीटकांना मारत नाही, त्यांच्या वास ओळखण्यात गोंधळ उडवते. प्रमाण वाढवले की परिणामाचा काळ लांबतो. पण ५० टक्क्यांच्या पुढे फारसा अधिक लाभ होत नाही. गोमाशा आणि त्सेत्से यांच्यापुढे ते बरेच दुबळे पडते. शिकाऱ्याच्या दृष्टीने त्याचे दोन दोष मोठे आहेत. एक म्हणजे वास. दुसरा असा, की ते प्लॅस्टिक, काही कृत्रिम धागे आणि रोगण विरघळवते: डीट लावलेल्या बोटांनी दुर्बीण धरली तर तिच्या आवरणावर बोटांचे ठसे कायमचे उमटू शकतात आणि बंदुकीच्या दस्त्याचे रोगण चिकट होते. म्हणून ते हाताच्या पाठीने चेहऱ्यावर लावावे, तळवे कोरडे ठेवावेत. १९८० च्या दशकात निघालेले इकॅरिडिन जवळजवळ बिनवासाचे असून प्लॅस्टिकला इजा करत नाही. त्याचे २० टक्के द्रावण डास आणि गोचिडी दोन्हींवर कित्येक तास चालते, आणि शिकारीपुरता विचार केला तर निवड त्याचीच करावी. लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून मिळणारे पीएमडी प्रभावी असले तरी त्याचा दरवळ सावजाला लगेच कळेल. तीन वर्षांखालील मुलांना ते लावत नाहीत.

कोणतेही द्रव्य उघड्या कातडीवरच लावावे, कपड्यांखाली नव्हे. उन्हापासून वाचवणारे मलम लावायचे असल्यास ते आधी आणि हे नंतर. लसूण खाणे, ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणे किंवा न ऐकू येणारा आवाज करणारी यंत्रे बाळगणे यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही.

ब्युटेन वायूच्या लहान नळकांड्यावर तापणारी, ॲलेथ्रिन हे कीटकनाशक भिनवलेली वडी ठेवायची साधने अलीकडे मचाणावर आणि आडोशात पुष्कळ वापरली जातात. हवा स्तब्ध असली तर चार-साडेचार मीटरांच्या घेरात डास विरळ होतात. वारा सुटला की बाष्प उडून जाते, पण तेव्हा डासही कमीच असतात. वाळक्या गवतात तापलेले साधन जमिनीवर ठेवू नये.

परंपरागत उपाय : उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवासी अस्वलाची चरबी अंगाला चोळत, तर उत्तर युरोपातील रानात काम करणारे लोक भूर्ज आणि पाइनपासून काढलेले डांबरासारखे तेल लावत. धुराचा उपयोग सर्वत्र होता. या साऱ्यांचा परिणाम अल्पकाळ टिकतो आणि ते वारंवार लावावे लागतात.

शिकारीनंतरची दक्षता : मेलेले जनावर थंड होऊ लागले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी नवा आश्रय शोधत बाहेर पडतात, आणि कातडे सोलणारे हात त्यांना सर्वांत जवळचे असतात. फिनलंडमध्ये १९६० च्या दशकात पसरू लागलेली लिपोप्टेना सेर्वी ही हरणांवर जगणारी माशी तर अंगावर उतरताच पंख गाळून केसांत शिरते. शरद ऋतूत नेमकी शिकारीच्या हंगामात ती उडते आणि एकेक वेचून काढण्यावाचून गत्यंतर नसते. मांसाला हात लावण्यापूर्वी कातडीवरचे द्रव्य साबणाने धुऊन टाकावे.

घरी परतल्यावर दोन तासांच्या आत स्नान करावे आणि काखा, जांघा, गुडघ्यांमागचा भाग, बेंबी, कानांमागे व केसांत गोचिडी तपासाव्यात. थंड पाण्यात धुतल्याने गोचीड मरत नाही. कोरडे कपडे सुकवणीच्या यंत्रात १० मिनिटे कडक उष्णतेवर ठेवले तर मरते. चिकटलेली गोचीड अणकुचीदार चिमट्याने कातडीलगत धरून, न पिळता, सरळ वर ओढून काढावी. तेल लावणे, काडीने चटका देणे हे प्रकार करू नयेत. लाइमचे जंतू रक्तात उतरायला ती बहुधा २४ तासांहून अधिक काळ चिकटलेली असावी लागते, म्हणून त्याच संध्याकाळी केलेल्या तपासणीचे मोल मोठे आहे. काही विषाणू मात्र काही मिनिटांतच शिरतात. पुढच्या काही आठवड्यांत ताप आला, अंग दुखू लागले किंवा चाव्याभोवती लाल वर्तुळ पसरू लागले, तर डॉक्टरांना रानात कोठे आणि कोणत्या तारखांना गेलो होतो हे आपणहून सांगावे.