डोईपट्टीचे वीस हजार डॉलर: नुकसानभरपाई की सानुग्रह रक्कम?

एखादा मोठा बस अपघात झाला की दुसऱ्या दिवशी मंत्रालयातून मृतांच्या वारसांना मदत जाहीर होते. एकच ठोक आकडा. गेलेला माणूस हमाल होता की डॉक्टर, याने त्यात फरक पडत नाही. पुढे तेच कुटुंब मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातं, तेव्हा मात्र उत्पन्न, वय, वयाप्रमाणे लागणारा गुणक, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं असा सगळा हिशेब मांडावा लागतो. निकाल पटला नाही तर उच्च न्यायालयात अपील करता येतं. बोलताना दोन्हींना आपण भरपाईच म्हणतो. खरं तर पहिली रक्कम सानुग्रह, देणाऱ्याच्या मर्जीतली. दुसरी हक्काची नुकसानभरपाई.

कॅनडा सरकारने २००६ साली चिनी डोईपट्टीबद्दल, म्हणजे चिनी माणसाने देशात येताना भरायच्या माणशी कराबद्दल, प्रत्येकी २०,००० डॉलर दिले. ते यातल्या कोणत्या खात्यात बसतात हे पाहिलं नाही, तर ‘माफी मागितली, पैसे दिले, मग अजून तक्रार कसली?’ हा प्रश्न पडतच राहतो.

पट्टी काय होती

कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेच्या कामावर, ब्रिटिश कोलंबियातल्या डोंगरदऱ्यांच्या सगळ्यांत धोक्याच्या टप्प्यात, हजारो चिनी मजूर राबले. १८८५ मध्ये मार्ग पुरा झाला आणि त्याच वर्षी संसदेने कायदा केला: देशात उतरणाऱ्या चिनी माणसाने डोई ५० डॉलर भरायचे. व्यापारी, राजनैतिक अधिकारी, विद्यार्थी अशा काहींना सूट. जहाजाच्या दर ५० टनांमागे एकच चिनी प्रवासी, अशीही अट. तरी माणसं येत राहिली, म्हणून १९०० च्या कायद्याने पट्टी १०० डॉलरवर गेली आणि १९०३ च्या कायद्याने ५०० वर. ५०० डॉलर म्हणजे चिनी मजुराची साधारण दोन वर्षांची कमाई. बायकोला आणायचं तर तिचे पुन्हा ५००. त्यामुळे बहुतेक पुरुष एकटेच आले आणि एकटेच राहिले.

ही पट्टी दुसऱ्या कुठल्याही देशातून येणाऱ्यांना नव्हती. हिंदुस्थानातून येणाऱ्यांसाठी १९०८ मध्ये वेगळी मेख मारली होती: मायदेशातून वाटेत न थांबता थेट आलात तरच प्रवेश. १९१४ मध्ये कोमागाटा मारू हे जहाज त्यातच अडकलं. चिनी लोकांसाठी १ जुलै १९२३ ला पट्टी गेली आणि दारच बंद झालं. तो बंदीचा कायदा १९४७ पर्यंत टिकला. पट्टी जाईपर्यंत सुमारे ८२,००० लोकांकडून सुमारे २ कोटी ३० लाख डॉलर वसूल झाले होते.

हक्क म्हणून मागितलं तेव्हा

हक्काची मागणी कोर्टात टिकवायची तर तीन गोष्टी लागतात: कुणाचं किती गेलं, ते कुणाकडे जमा झालं, आणि ते घेण्याला कायद्याचा आधार नव्हता. पहिल्या दोन गोष्टींबाबत डोईपट्टीइतकं सोपं प्रकरण मिळणं कठीण. सरकारने स्वतःच सगळं लिहून ठेवलं आहे. उतरलेल्या माणसाचं नाव, वय, गाव, धंदा, जहाज, उंची, चेहऱ्यावरच्या खुणा आणि भरलेली रक्कम असे रकाने असलेल्या जाडजूड नोंदवह्या कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि पैसे भरणाऱ्याला सी.आय. ५ क्रमांकाचा दाखला मिळायचा. गुलामगिरीसारख्या अन्यायात ‘किती गेलं’ हेच ठरवता येत नाही. इथे पावतीच आहे.

घोडं अडलं ते तिसऱ्या मुद्द्यावर. २००० साली ओंटारिओत सामूहिक दावा दाखल झाला. वादी तीन: शॅक जँग मॅक (स्वतः पट्टी भरलेले), क्वेन यिंग ली (पट्टी भरलेल्याची विधवा) आणि यू ली (मुलगा). त्यांचं म्हणणं असं की सरकारने अन्यायाने लाभ उपटला, तो परत करावा. २००१ मध्ये दावा फेटाळला गेला, २००२ मध्ये अपीलही, आणि २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. न्यायालयाची भूमिका थोडक्यात अशी: पट्टी संसदेच्या कायद्याने लावली होती, त्यामुळे तो कायदाच पैसे घेण्याचा वैध आधार, आणि समानतेचा हक्क देणारी सनद १९८२ ची, ती मागे जाऊन लावता येत नाही. म्हणजे अन्याय जितका रीतसर कायदा करून केला, तितका तो कोर्टात सुरक्षित. भेदभाव करणारे जुने कायदे जिथे जिथे होते, तिथे हक्काची भरपाई बहुधा याच जागी अडकते.

मर्जीने दिलं तेव्हा

कोर्टाची वाट बंद झाल्यावर उरते संसद. तिथली पहिली खेप फसली. नोव्हेंबर २००५ मध्ये पॉल मार्टिन सरकारने स्मारकं आणि शिक्षण यांसाठी निधी देऊ केला, पण माफी नाही आणि वैयक्तिक रक्कमही नाही, या अटीवर. माफी म्हणजे कबुली आणि कबुली म्हणजे दाव्यांची रांग, ही भीती त्यामागे होती. समाजात त्यावर इतका गदारोळ झाला की पुढच्याच निवडणुकीत तो प्रचाराचा मुद्दा बनला.

२२ जून २००६ ला नवे पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी संसदेत माफी मागितली. त्यातले काही शब्द कँटोनीज या चिनी भाषेत होते. शब्दयोजना बारकाईने पाहण्यासारखी आहे. डोईपट्टीबद्दल माफी, पण १९२३ नंतरच्या बंदीबद्दल ‘तीव्र दुःख’. माफीचा आजच्या कायदेशीर जबाबदारीशी संबंध नाही, हेही त्याच भाषणात सांगून टाकलं. रकमेला सरकारी कागदावर नाव होतं ‘सानुग्रह, प्रतीकात्मक’. हयात पट्टीदात्यांना आणि मृत पट्टीदात्यांच्या हयात जोडीदारांना प्रत्येकी २०,००० डॉलर. मुलांना नाही.

आता त्या तीन वादींकडे पुन्हा पाहा. पट्टीदाता पात्र, विधवा पात्र, मुलगा अपात्र. हक्काची रक्कम असती तर ती वारसाकडे गेली असती, जसं घेणेकरी मेला तरी त्याचं येणं मरत नाही. सानुग्रह रक्कम कुणाला द्यायची हे देणारा ठरवतो.

आकड्यांतही हेच दिसतं. समजा १९१६ मध्ये कुणी ५०० डॉलर भरले. दरसाल ३ टक्के चक्रवाढीने ९० वर्षांत त्याचे सुमारे ७,१५० होतात, ४ टक्क्यांनी सुमारे १७,०००, ५ टक्क्यांनी ४०,००० च्या वर. ५० डॉलर भरणाऱ्याचं मुद्दलच ५०० वाल्याच्या एक दशांश. २०,००० हा आकडा यातल्या कुठल्याच हिशेबातून येत नाही, आणि तो सगळ्यांना सारखाच. प्रत्यक्षात आठशेच्या आसपास लोकांना रक्कम मिळाली, म्हणजे फार तर १ कोटी ६० लाख डॉलर. व्याज सोडाच, २ कोटी ३० लाखांचं मुद्दलही फिटलं नाही. स्वतः पट्टी भरलेले हयात उरले होते जेमतेम वीसेक. दर शंभर पट्टीदात्यांमागे एका घरात पैसे पोचले.

म्हणूनच वंशजांच्या संघटनांची मागणी वेगळी होती: एक दाखला, एक देणं. दाखल्यामागे एक रक्कम, मग घरात वारस दोन असोत की वीस. मला ही मागणी सगळ्यांत व्यवहार्य वाटते, कारण ती रकमेवर भांडत नाही, फक्त सानुग्रह देण्याला वारसाहक्क जोडते. अडचण तिच्यातही आहे. बंदरावरच्या कारकुनाने नाव ऐकू येईल तसं लिहिलं. एकाच आडनावाची चार स्पेलिंगं सापडतात, आडनाव आधी की नंतर याचा घोळ, आणि नावाआधी लावायचा ‘आ’ हा घरगुती उपसर्गच कुठे कुठे नाव होऊन बसला आहे. शिवाय काही जण दुसऱ्याच्या कागदांवर, दुसऱ्याच्या नावाने आले. त्यांच्या नातवंडांचं आडनाव एक आणि दाखल्यावरचं दुसरं. गावाकडे लागलेल्या लग्नाचा कागद नाही, ही विधवांची अडचण तर वेगळीच.

सानुग्रह रक्कम म्हणजे भीक, असंही समजू नये. १९८८ मध्ये युद्धकाळात स्थानबद्ध केलेल्या जपानी-कॅनेडियनांना २१,००० डॉलर मिळाले, तेही कोर्टाच्या निकालाने नव्हे. पण ते वाटाघाटी करून, समाजाच्या प्रतिनिधींशी करार करून ठरले. हयात माणसांची संख्याही तेव्हा हजारांत होती. चिनी पट्टीदात्यांचा प्रश्न १९८४ मध्येच व्हँकुव्हर ईस्टच्या खासदार मार्गारेट मिचेल यांनी संसदेत मांडला होता. पुढची बावीस वर्षं सरकारने नुसती जाऊ दिली, तरी तिजोरीवरचा भार आपोआप कमी होत गेला. हक्काच्या रकमेला उशीर झाला की व्याज चढतं, सानुग्रह रकमेला उशीर झाला की लाभार्थी घटतात.

न्यूझीलंडनेही १८८१ पासून १० पौंड आणि १८९६ पासून १०० पौंड पट्टी घेतली होती. तिथे पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी २००२ मध्ये माफी मागितली आणि नंतर चिनी समाजाच्या वारशासाठी ५० लाख न्यूझीलंड डॉलरचा न्यास झाला. व्यक्तींना रक्कम नाही. अमेरिकेच्या दोन्ही सभागृहांनी चिनी बंदीच्या कायद्यांबद्दल २०११ आणि २०१२ मध्ये खेदाचे ठराव केले, त्यात यावरून कोणताही दावा उभा राहणार नाही असं कलमच घातलं.

आणि ब्रिटिश कोलंबिया. डोईपट्टीच्या वसुलीत या प्रांताचाही वाटा असायचा. २०१४ मध्ये प्रांताच्या विधिमंडळाने एकमताने माफी मागितली आणि वारसा प्रकल्पांसाठी १० लाख डॉलर ठेवले. त्यातून पट्टीदात्यांच्या वारसांना वैयक्तिक देणं काहीच नव्हतं.